स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाला पुन्हा नोकरी करायची आहे: कधी आणि कशी सुरुवात करावी?

प्रश्न (धाकटी बहीण)

नमस्कार.

माझ्या मोठ्या भावाला पदवीच्या शेवटच्या वर्षात स्किझोफ्रेनिया झाला. आज त्याची प्रकृती बरीच स्थिर आहे. औषधे तो स्वतः आठवणीने घेतो. भास पूर्ण थांबलेले नाहीत, पण ते भास आहेत हे त्याला बहुतेक वेळा ओळखता येते, आणि रुग्णालयात दाखल करण्याची वेळ गेल्या काही वर्षांत आलेली नाही. आतापर्यंत त्याने दोन ठिकाणी नोकरी केली. पहिल्या ठिकाणी सकाळची गुंगी उतरत नसल्यामुळे त्याला रोज उशीर होई, त्याचे कारण तो कोणाला सांगू शकला नाही आणि आळशी ठरून बाहेर पडला. दुसऱ्या ठिकाणी हिशेब तपासण्याचे काम त्याने उत्तम केले, वरिष्ठ त्याच्यावर खूश होते; परंतु ते वरिष्ठ बदलून गेले, कामाची पद्धत पालटली, आणि सहकारी आपल्याविषयीच कुजबुजतात असे त्याला वाटू लागले. त्याने रजा घेतली, अर्जाला जोडलेल्या वैद्यकीय प्रमाणपत्रावरून आजाराचे नाव कार्यालयात कळले, आणि मुदत संपल्यावर त्याचा करार पुढे वाढवला गेला नाही.

आता तो पुन्हा काम शोधू म्हणतो. आई म्हणते, घडी नीट बसली आहे, ती कशाला विस्कटायची? डॉक्टरांचे मत असे, की आधी त्याला पूर्ण बरे वाटू द्यावे, नोकरीचे नंतर पाहता येईल. दोघांची काळजी मला समजते, पण हे ‘नंतर’ कधी येणार हे कोणी सांगत नाही, आणि रिकामा दिवस त्याला आतून किती पोखरतो हे मी रोज पाहते. माणूस नोकरीसाठी तयार झाला हे कशावरून ओळखावे? आजाराविषयी मालकाला सांगावे की नाही, आणि सांगायचे तर किती? हलके, कमी जबाबदारीचे काम शोधणे बरे, की त्याच्या शिक्षणाला साजेसे? आणि मला सर्वांत जास्त भेडसावणारा प्रश्न असा, की नोकरी लागल्यानंतर काही बिनसू लागले तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहील?

उत्तर १ (पुनर्वसन विभागातील समाजकार्यकर्ता)

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. इतर तिन्ही प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

‘आधी पूर्ण बरे व्हा, मग काम’ हा विचार जुना आहे आणि तो सद्भावनेतूनच आलेला आहे. त्यानुसार शुभार्थीला, म्हणजे मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला, आधी संरक्षित कार्यशाळेत बसवायचे, छोटी कामे शिकवायची, वेळेवर येण्याची सवय लावायची आणि तो सगळ्या पायऱ्या चढला की खऱ्या नोकरीकडे पाठवायचे. अनुभव असा आला, की बहुतेक जण त्या पायऱ्यांवरच अडकून राहत. 1990 च्या दशकात अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी हा क्रम उलटा करून पाहिला: ज्याला काम करण्याची इच्छा आहे त्याला त्याच्या आवडीची, इतर कोणालाही मिळते तशी पगाराची नोकरी लवकर शोधून द्यायची, आणि शिकवणे, सांभाळणे, अडचण सोडवणे हे सारे नोकरी लागल्यानंतर, तिच्यासोबत करायचे. या पद्धतीला ‘इंडिव्हिज्युअल प्लेसमेंट अँड सपोर्ट’ म्हणतात. लक्षणे किती आहेत, मागे किती नोकऱ्या सुटल्या, यावरून तिथे कोणालाही नाकारले जात नाही. इच्छा हीच तयारीची खूण मानली जाते.

युरोपातील लंडन, उल्म, रिमिनी, झुरिक, ग्रोनिंगेन आणि सोफिया या सहा शहरांत तीव्र मानसिक आजार असलेल्या 312 जणांवर या पद्धतीची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2007 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अठरा महिन्यांच्या काळात या पद्धतीने मदत मिळालेल्यांपैकी सुमारे 55 टक्के लोकांनी काम केले, तर आधी प्रशिक्षण देणाऱ्या नेहमीच्या सेवेतील सुमारे 28 टक्के लोकांनी. नोकरीच्या ताणाने आजार उफाळेल ही जी भीती तुमच्या आईला आणि डॉक्टरांना वाटते, ती तिथे खरी ठरली नाही. पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण नोकरीची मदत मिळालेल्या गटात उलट कमी होते, सुमारे 20 टक्क्यांच्या तुलनेत दुसऱ्या गटात 31 टक्के. मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या चाचणीत एक दिवस जरी काम केले तरी ते ‘काम केले’ असे मोजलेले होते. म्हणजे नोकरी मिळणे शक्य आहे हे तिने दाखवले, पण नोकरी टिकवण्याचा प्रश्न त्याने संपत नाही.

टिकवण्यासाठी त्या पद्धतीत जे केले जाते ते समजून घ्या, कारण तशी सेवा जवळपास नसली तरी त्यातला बराचसा भाग उभा करता येतो. नोकरीचे पाहणारा कार्यकर्ता उपचार करणाऱ्या चमूचाच भाग असतो, वेगळ्या इमारतीतला अनोळखी माणूस नसतो. एका कार्यकर्त्याकडे वीसपेक्षा जास्त शुभार्थी दिले जात नाहीत. मालकांशी पहिली गाठभेट साधारण महिन्याभरात व्हावी असा दंडक असतो. आणि नोकरी लागली म्हणून मदत थांबत नाही. शुभार्थीला हवी असेल तोवर ती चालू राहते. तुमच्या भावाच्या दोन्ही नोकऱ्या पाहा. कामाची कुवत दोन्ही ठिकाणी कमी पडलेली दिसत नाही. पहिल्या वेळी गुंगीची तक्रार डॉक्टरांपर्यंत नेणारे कोणी नव्हते आणि दुसऱ्या वेळी वरिष्ठ बदलल्यावर मध्ये पडून बोलणारे कोणी नव्हते. तो ‘कोणी’ आधी ठरवा. शक्यतो ते काम बहिणीने किंवा आईने करू नये, कारण घरचे माणूस कार्यालयात बोलू लागले की शुभार्थी पुन्हा लहान मूल ठरतो. उपचारकेंद्रातील समाजकार्यकर्ता, व्यवसायोपचारतज्ज्ञ किंवा त्याच्या विश्वासातला एखादा जुना मित्र चालेल, फक्त त्याला डॉक्टरांशी थेट बोलण्याची मुभा भावाने स्वतः दिलेली असावी.

उत्तर २ (बायपोलरसोबत नोकरी करणारी)

मला बायपोलर आजार (मनःस्थिती कधी उन्मादाकडे, म्हणजे अतिउत्साहाकडे, तर कधी नैराश्याकडे झुकणारा) आहे आणि मी अनेक वर्षे नोकरी करते आहे, म्हणून सांगण्याविषयीच्या प्रश्नावर थोडे लिहिते.

सांगावे की नाही याला सर्वांना लागू पडणारे उत्तर नाही, आणि जो कोणी तसे उत्तर देईल त्याच्यावर फार विसंबू नये. न सांगितल्यास भेदभावापासून बचाव होतो, पण सवलत मागता येत नाही, शिवाय लपवून ठेवण्याचा ताण रोजचा होऊन बसतो. सांगितल्यास कामात जुळवून घेण्याची मागणी हक्काने करता येते, मात्र एकदा सांगितलेले परत घेता येत नाही. माझ्या मते निदानाचे नाव आणि कामावर होणारा परिणाम या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. वरिष्ठाला बहुतेकदा आजाराचे नाव कळण्याची गरज नसते. ‘माझ्यावर दीर्घकाळ चालणारे उपचार सुरू आहेत, त्यामुळे सकाळी लवकरची वेळ मला जमत नाही, तासभर उशिरा येऊन तासभर उशिरापर्यंत थांबेन’ एवढे पुरते. लेखी, अधिकृत सवलत हवी असेल तर अनेक ठिकाणी प्रमाणपत्र लागते, आणि तेव्हा ते मनुष्यबळ विभागाकडेच जाईल, सहकाऱ्यांच्या टेबलावर पडणार नाही, हे आधी विचारून घ्यावे. तुमच्या भावाच्या बाबतीत आजाराचे नाव त्याने सांगितले नाही, ते एका कागदावरून फुटले. कोणाला, केव्हा आणि किती सांगायचे हे ठरवण्याचा अधिकारच त्याच्याकडून गेला, आणि तो त्याला पुढच्या वेळी परत मिळाला पाहिजे.

कामाच्या स्वरूपाविषयी माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: झोप. बायपोलरमध्ये रात्रपाळी किंवा आठवड्याला बदलणारी पाळी हा उन्माद सुरू होण्याचा सरळ रस्ता असतो, कारण झोप कमी होणे हे उन्मादाचे लक्षणही आहे आणि कारणही. अशी पाळी मी जास्त पगारासाठीही स्वीकारत नाही. मी लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध घेते, त्यामुळे ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, हाताला किंचित कंप असतो, आणि फार उष्ण जागी, घाम गाळत, पाणी न पिता काम करणे मला धोक्याचे आहे, कारण शरीरातले पाणी घटले की लिथियमची रक्तातील पातळी चढते. अशा गोष्टी नोकरी निवडताना पगाराइतक्याच पाहाव्या लागतात. स्किझोफ्रेनियाच्या औषधांचे हिशेब वेगळे असतील, पण असा हिशेब मांडावा लागतोच.

आणखी एक विनंती. तुमच्या प्रश्नात आईचे मत आहे, डॉक्टरांचे आहे, तुमचे आहे. भावाला नेमके कोणते काम हवे आहे, हे मात्र मला त्यात सापडले नाही. ते आधी त्याला विचारा.

उत्तर ३ (एक शुभंकर, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारा, पिता)

वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर ठेवून मी थोडे वेगळे मत मांडतो, कारण उत्साहाच्या भरात एक गोष्ट मागे राहते आहे.

माझ्या मुलालाही स्किझोफ्रेनियाच आहे. त्याला नोकरी लागली तेव्हा घरात आनंदाचे वातावरण होते. काही आठवड्यांनी तो रात्रीची गोळी अर्धी करू लागला आणि पुढे ती बंदच केली. उपचारांवरचा राग हे त्याचे कारण नव्हते. गोळी घेतली की सकाळी डोळे उघडत नव्हते, आणि त्याला नोकरी इतकी प्रिय होती, की ती टिकवण्यासाठी त्याने औषधाचा बळी दिला. त्याची परिणती रुग्णालयात झाली आणि त्यानंतर सावरायला पूर्वीपेक्षा फार जास्त काळ लागला. युरोपातील चाचणीत जे लोक होते त्यांच्या मागे पाठपुरावा करणारा कार्यकर्ता होता, डॉक्टर होते, घर होते. ज्यांच्या मागे यांपैकी काहीच नाही, त्यांना त्या आकड्यांच्या भरवशावर लगेच बाजारात उतरवणे मला पटत नाही. मदत आधी उभी करावी आणि नोकरी नंतर घ्यावी, मग त्याला कोणी जुना विचार म्हटले तरी चालेल.

पूर्ण खुल्या बाजारातील नोकरी आणि घरी बसून राहणे, यांच्या मधल्या वाटाही लोकांनी शोधलेल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये 1948 मध्ये स्थापन झालेल्या ‘फाउंटन हाउस’ने क्लबहाउसची, म्हणजे मानसिक आजार असलेल्यांनी सदस्य म्हणून एकत्र येऊन काम करण्याच्या केंद्राची, कल्पना रुजवली. तिथे सदस्यांना बाहेरच्या कंपन्यांत काही महिन्यांची, अर्धवेळ, पगारी कामे मिळतात, आणि एखाद्या दिवशी सदस्याला जाणे शक्य झाले नाही तर क्लबहाउसमधील दुसरे कोणीतरी जाऊन ते काम पूर्ण करते. मालकाचे काम अडत नाही आणि सदस्याला एका वाईट दिवसापायी नोकरी गमवावी लागत नाही. इटलीत मनोविकारतज्ज्ञ फ्रँको बासालिया यांनी त्रिएस्ते शहरातील मनोरुग्णालयाची बंद दारे रुग्णांसाठी खुली केली, त्या चळवळीतून रुग्णांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या, आणि 1991 च्या कायद्याने अशा सामाजिक सहकारी संस्थांना मान्यता देताना किमान 30 टक्के कामगार वंचित गटांतील असावेत अशी अट घातली. माझ्या मुलाला अशी मधली जागा मिळाली असती तर बरे झाले असते असे मला आजही वाटते.

उत्तर ४ (पुनर्वसन विभागातील समाजकार्यकर्ता)

दादा, मदत आधी उभी करावी हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप फक्त मदतीच्या नावाखाली वर्षानुवर्षे थांबवून ठेवण्याला आहे. तुमच्या मुलाच्या बाबतीत जे घडले ते फार जणांच्या बाबतीत घडते आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

गुंगीची तक्रार घेऊन शुभार्थी डॉक्टरांकडे गेला, तर डॉक्टरांना पुष्कळ काही करता येते. गोळीची वेळ संध्याकाळकडे सरकवणे, दिवसभराची मात्रा वेगळ्या तऱ्हेने विभागणे, ओलान्झापीन किंवा क्वेटियापीनसारख्या जास्त गुंगी आणणाऱ्या औषधाऐवजी कमी गुंगी आणणारे औषध विचारात घेणे, काही जणांसाठी दोन-चार आठवड्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन निवडणे, हे सारे शक्य असते. क्लोझापीन हे औषध घेणाऱ्यांना सुरुवातीच्या काळात दर आठवड्याला रक्ततपासणी करावी लागते, तेव्हा त्यासाठीची सुट्टी आधीच ठरवून घ्यावी लागते. काही औषधांमुळे पायांत अशी अस्वस्थता येते, की जागेवर बसवतच नाही. ते पाहून वरिष्ठांना वाटते की याचे कामात मन नाही. हा औषधाचा परिणाम आहे आणि त्यावर उपाय आहेत. यांतला कोणताही बदल स्वतःहून करायचा नाही, हे मात्र कळकळीने सांगतो. म्हणूनच नोकरी सुरू होण्याआधीची डॉक्टरांची भेट केवळ ‘बरा आहे ना’ विचारण्यापुरती नसावी. कामाची वेळ काय, प्रवास किती, काम बसून आहे की उभ्याने, हे सर्व त्या भेटीत मांडावे. ताई, तुमच्या डॉक्टरांना ‘नोकरी करू का’ असे विचारण्याऐवजी ‘नोकरी करायची आहे, औषधे तिच्याशी कशी जुळवता येतील’ असे विचारून पाहा. उत्तर वेगळे मिळेल अशी मला आशा आहे.

दुसरी तयारी पूर्वखुणांची. आजार उलटण्याआधी बहुतेकांच्या बाबतीत काही ठरावीक बदल दिसतात: झोप तुटणे, जेवण टाळणे, लोकांपासून दूर राहणे, एखाद्या संशयाभोवती मन घुटमळणे. भाऊ बरा असताना त्याच्याकडूनच त्या खुणा लिहून घ्या आणि त्या दिसल्या तर कोण कोणाला फोन करील, रजा किती दिवसांची घ्यायची, कार्यालयाला काय सांगायचे, हेही त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. वेळेवर घेतलेल्या चार दिवसांच्या रजेमुळे पुढची दीर्घ रजा टळू शकते.

उत्तर ५ (कार्यालयीन व्यवस्थापक)

माझ्या हाताखाली तीव्र मानसिक आजार असलेल्या दोन व्यक्तींनी काम केले आहे, म्हणून मालकाच्या बाजूने लिहितो.

‘सवलत’ म्हटले की खर्च आणि गैरसोय डोळ्यांसमोर येते, पण प्रत्यक्षात ज्या गोष्टी उपयोगी पडल्या त्यांना जवळजवळ पैसे लागले नाहीत. स्किझोफ्रेनियात भासांपेक्षाही जास्त अडचण अनेकदा लक्ष टिकवण्याची, तोंडी सांगितलेले ध्यानात ठेवण्याची आणि झटपट उलटसुलट कामे करण्याची असते. यासाठी सूचना लेखी द्याव्यात, एका वेळी एक काम सोपवावे, आणि काम सांगणारा माणूस एकच असावा. बसण्याची जागा वर्दळीपासून दूर आणि पाठीमागे भिंत असलेली असावी, कारण पाठीमागे चाललेली कुजबूज संशयाला खतपाणी घालते. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे ठरवून बोलावे, म्हणजे ‘साहेब माझ्यावर नाराज आहेत का’ हा प्रश्न मनात साचत नाही. काम चुकले तर तेही इतरांना सांगतो तसेच स्पष्ट सांगावे. दयेपोटी चुका झाकत राहणे आणि नाममात्र काम देऊन पगार देणे हा त्या माणसाचा अपमान आहे, आणि तो त्याला पहिल्याच आठवड्यात कळतो.

भावाची दुसरी नोकरी वरिष्ठ बदलल्यावर मोडली, यात मला आश्चर्य वाटत नाही. समजून घेणारा माणूस गेला की त्याच्यासोबत सगळी तोंडी व्यवस्था जाते. म्हणून जे ठरेल ते लिहून, मनुष्यबळ विभागाच्या फाइलमध्ये ठेवलेले असावे. संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारात दीर्घकालीन मानसिक आजारामुळे अपंगत्व आलेल्यांचाही समावेश आहे, आणि वाजवी सोय (म्हणजे कामात आवश्यक तेवढे जुळवून देणे) नाकारणे हा त्यात भेदभावच मानलेला आहे. करार स्वीकारलेल्या देशांत या मागणीला कायद्याचा आधार मिळवता येतो. अपंगत्वाचा भत्ता किंवा निवृत्तिवेतन मिळत असेल, तर पगार सुरू झाल्यावर त्याचे काय होईल आणि नोकरी सुटल्यास ते परत सुरू होईल का, हे रुजू होण्याआधी संबंधित कचेरीत विचारून घ्या. ती भीती पुष्कळ जणांना अर्ज करण्यापासूनच रोखते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद (धाकटी बहीण)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, मनापासून आभार. भावाला मी विचारले. घरात आम्ही सगळे त्याच्यासाठी ‘हलके’ काम शोधत होतो, आणि त्याने सांगितले की त्याला पुन्हा हिशेबाचेच काम हवे आहे, कारण आकड्यांत गुंतला की भासातले आवाज मागे पडतात आणि ते काम आपल्याला नीट येते याची त्याला खात्री आहे. रात्री उशिरापर्यंत जागावे लागणार नाही आणि काम सांगणारी व्यक्ती एकच असेल, एवढ्या दोनच अटी त्याने घातल्या. उपचारकेंद्रातील समाजकार्यकर्तीशी बोलायला तो तयार आहे. आईला अजून भीती वाटते, पण पूर्वखुणांची यादी करताना ती त्याच्याशेजारी बसली होती. एकच शंका उरते: मुलाखतीत मधल्या रिकाम्या वर्षांविषयी विचारले तर त्याने काय सांगावे?

उत्तर ६ (कार्यालयीन व्यवस्थापक)

खोटी नोकरी किंवा खोटे प्रमाणपत्र कधीही दाखवू नये; ते उघड झाले तर नोकरी जाते आणि मग आजाराच्या बाजूने बोलणेही अवघड होते. ‘प्रकृतीच्या कारणाने काही काळ काम थांबवावे लागले, आता उपचार स्थिर आहेत आणि मी काम करू शकतो’ हे खरे आहे आणि पुरेसे आहे. हे वाक्य त्याने समाजकार्यकर्तीसमोर मोठ्याने म्हणून पाहावे, म्हणजे मुलाखतीत आवाज अडखळणार नाही. त्यानंतर त्याने लगेच कामाकडे वळावे: दुसऱ्या नोकरीत कोणते हिशेब तपासले, कोणती संगणकप्रणाली वापरली, चुका कशा शोधल्या. मुलाखत घेणारा पुढे आजाराचे नाव विचारू लागला, तर ‘कामासाठी आवश्यक तेवढे मी सांगितले आहे’ असे नम्रपणे म्हणण्याचा त्याला हक्क आहे. जुने वरिष्ठ त्याच्यावर खूश होते असे आपण लिहिले आहे, तर त्यांच्याकडून कामाविषयीचे एक पत्र मागून घ्या. सुरुवातीला अर्धवेळ काम मागावे आणि तास वाढवण्याचा निर्णय तिसऱ्या महिन्याअखेर वरिष्ठ, समाजकार्यकर्ती आणि तो स्वतः यांनी मिळून घ्यावा, असे नेमणुकीच्या पत्रातच लिहून घेता आले तर फारच चांगले.